एचआयव्हीचा उपप्रकार अँटिबॉडीवरून ओळखता येतो का?

प्रश्न: मी इंदूरला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी आमच्याकडे फ्रीझरमध्ये एचआयव्ही रिॲक्टिव्ह (चाचणीत अँटिबॉडी आढळलेल्या) सीरमचे सुमारे दोनशे नमुने आहेत. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे विषाणूचा जनुकक्रम वाचण्याचा, खर्च झेपणार नाही. निरनिराळ्या उपप्रकारांच्या व्ही-३ पेप्टाइडवर (विषाणूच्या प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर) एलायझा, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी दाखवणारी प्लेटवरची चाचणी, करून आपल्या भागात कोणता उपप्रकार फिरतो आहे हे काढता येईल का? आणि ज्या नमुन्यांत रॅपिड किटवर एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ अशा दोन्हींचे ठिपके उमटले आहेत ते वगळले तर चालेल ना? दोन्ही ठिपके म्हणजे मिश्र संसर्ग.

उत्तर: पहिल्या भागाचं उत्तर असं, की चाचणी करता येते, पण इंदुरात ती करून तुझ्या हाती काही लागणार नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर, मुळीच वगळू नकोस. तू जे टाकून द्यायला निघाली आहेस त्यातच तुझा प्रबंध आहे. दोन्हींची कारणं सविस्तर लिहितो. वयाने नातीसारखी असशील, म्हणून एकेरीत लिहितोय. मी तीसेक वर्षं याच शहरात रक्ताच्या चाचण्या केल्या. प्लेट धुण्याचं मशीन नव्हतं तेव्हा हाताने धुतल्या आहेत, त्यामुळे तुझ्या फ्रीझरमधले ते दोनशे नमुने मला डोळ्यांसमोर दिसतात.

आधी एक मूळ गोष्ट. साल्मोनेलाचं सेरोटायपिंग तू प्रॅक्टिकलला केलं असशील. काचपट्टीवर अनोळखी जंतू घ्यायचा, त्यावर ओळखीचं अँटिसीरम टाकायचं आणि गुठळ्या होतात का ते बघायचं. तिथे जंतू स्वतः आपल्यासमोर असतो. एचआयव्हीत हे सगळं उलटं होतं. अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला धरते ते, आपल्या ओळखीचं, कारखान्यात बनवलेलं पेप्टाइड. आणि अनोळखी आहे ती रुग्णाच्या रक्तातली अँटिबॉडी. विषाणू कुठेच नाही. विषाणूला कधीतरी पाहिलेल्या साक्षीदाराकडून आपण त्याचं वर्णन ऐकतो आहोत. साक्षीदाराने काय पाहिलं, केव्हा पाहिलं, त्याला किती आठवतं, हे सगळं त्या वर्णनात मिसळलेलं असतं. पुढे जे जे अडतं त्यातलं बरंचसं इथूनच येतं.

आणखी एक. पोलिओचे तीन प्रकार किंवा डेंग्यूचे चार प्रकार म्हणतो तेव्हा त्या ‘सेरोटाइप’ शब्दाला खरा अर्थ असतो: एका प्रकाराविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्याला नीट अडवत नाही. एचआयव्हीचे ए, बी, सी, डी हे उपप्रकार मात्र जनुकक्रमाच्या वंशावळीवरून पाडलेले आहेत. अँटिबॉडीने विषाणू निष्प्रभ होतो की नाही याची गटवारी त्या वंशावळीशी जुळत नाही. म्हणून ‘एचआयव्हीचा सेरोटाइप’ असं कुठे वाचलंस तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा: या सीरमने अमुक पेप्टाइडला सगळ्यांत घट्ट धरलं.

आता तुझं व्ही-३ पेप्टाइड. विषाणूच्या बाहेरच्या जीपी-१२० प्रथिनावर हा साधारण ३५ अमिनो आम्लांचा फास आहे, दोन टोकांना सिस्टीन, मध्ये वळण. शरीर त्याच्याविरुद्ध भरपूर अँटिबॉडी बनवतं आणि तो उपप्रकारागणिक थोडा थोडा बदलतो. म्हणूनच सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. वळणाच्या टोकाला बी उपप्रकारात ग्लायसीन, प्रोलीन, ग्लायसीन, आर्जिनीन अशी चौकडी असते. सी उपप्रकारात शेवटच्या आर्जिनीनच्या जागी ग्लुटामीन येतं, आणि आजूबाजूला आणखी तीन-चार ठिकाणी फरक पडतो. त्यामुळे बी आणि सी वेगळे काढणं बऱ्यापैकी जमतं. पण ए उपप्रकाराच्या टोकालाही तेच ग्लुटामीन. ए आणि सी यांचे सर्वसाधारण क्रम शेजारी शेजारी लिहून बघ, वळणाच्या भागात जेमतेम एक-दोन जागी फरक दिसेल. सीरममधली अँटिबॉडी एकाच जातीची नसते, ती अनेक प्रकारची सरमिसळ असते, आणि इतक्या बारीक फरकावर ती दोन्ही पेप्टाइडना धरते. प्लेटवरच्या दोन्ही वेलना (खळग्यांना) पिवळा रंग येतो, ओडी (रंगाच्या गडदपणाचं माप) १.८ आणि १.६. मग तू काय लिहिणार?

यावर उपाय निघाले होते. सीरम अधिकाधिक पातळ करत जायचं आणि शेवटपर्यंत कोणत्या पेप्टाइडवर रंग टिकतो ते बघायचं. किंवा सीरममध्ये आधी एखाद्या उपप्रकाराचं पेप्टाइड भरपूर मिसळून त्याची अँटिबॉडी अडकवून टाकायची, आणि उरलेलं प्लेटवर टाकायचं. फ्रान्समध्ये या अडवण्याच्या पद्धतीवर चांगलं काम झालं. पद्धत हुशारीची आहे आणि तू ती शिकलीस तर मला आनंदच होईल. पण तिचं खरं चीज झालं ते थायलंडमध्ये, आणि का झालं ते समजून घेतलंस तर इंदुरात ती का चालणार नाही हे आपोआप कळेल.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमध्ये दोन विषाणू जवळजवळ एकाच वेळी पसरत होते. बँकॉकमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत मुख्यतः बी, आणि लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या साथीत तेव्हा ज्याला ई म्हणत तो. (आज त्याला सीआरएफ-०१ एई म्हणतात, कारण तो मिश्र वंशाचा आहे असं नंतर मानलं गेलं.) स्पर्धक दोनच, दोघांचे व्ही-३ एकमेकांपासून पुरेसे वेगळे, आणि दोघेही मोठ्या संख्येने. अशा ठिकाणी दोन पेप्टाइडची साधी एलायझा शेकडो नमुन्यांवर स्वस्तात चालवता आली आणि जनुकक्रमाशी तिचा मेळही चांगला बसला. दोन साथी वेगवेगळ्या वाटांनी आल्या आहेत हे त्यातून ठळकपणे दिसलं. त्या कामाबद्दल मला आजही आदर आहे.

भारताचं चित्र अगदी वेगळं आहे. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातले पहिले संसर्ग शोधले. (निर्मला तेव्हा तुझ्यासारखीच प्रबंधाचं काम करत होती, हे लक्षात ठेव.) त्यानंतर जिथे जिथे जनुकक्रम वाचला गेला तिथे बहुतेक ठिकाणी सी उपप्रकार निघाला, दहांत नऊहून जास्त. ईशान्येला, मणिपूरच्या बाजूला, बी आणि बी-सी मिश्र विषाणू आढळतात, कारण तिकडची वाट म्यानमारकडून येते. पण माळव्यात, ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडच्या दोन्ही बाजूंना, तुला सी आणि सीच मिळणार.

मग आकडेमोड कर. समज, तुझ्याकडे १००० नमुने आहेत, त्यांतले ९७० सी आणि ३० इतर. तुझी एलायझा १०० पैकी ९० वेळा बरोबर सांगते. हे काही वाईट नाही. सीच्या ९७० पैकी ९७ नमुन्यांना ती चुकून ‘सी नाही’ म्हणेल. खऱ्या इतर ३० पैकी २७ बरोबर पकडेल. म्हणजे ‘सी नाही’ म्हणून तुझ्या तक्त्यात १२४ नमुने येतील आणि त्यांतले ९७ चुकीचे असतील. पाचांत जवळजवळ चार. तू लिहिशील की इंदूर विभागात बारा टक्के विषाणू सी-व्यतिरिक्त आहेत, परीक्षकांना ते नवं आणि रंजक वाटेल, आणि ते खोटं असेल. तुझा हात चुकला म्हणून नाही, तर विरळ गोष्ट शोधायला धूसर चष्मा वापरला म्हणून. थायलंडमध्ये दोन्ही विषाणू भरपूर होते, म्हणून तोच चष्मा तिथे चालला. माझी खात्री आहे की या विषयावरचे कितीतरी प्रबंध याच खड्ड्यात पडले, आणि मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी हे गणित फळ्यावर मांडलं असतं तर मुलांची वर्षं वाचली असती.

समज, चष्मा स्वच्छ असता, तरी दुसरी अडचण उरतेच. एचआयव्हीच्या जनुकसंचाची लांबी सुमारे ९,७०० अक्षरं. व्ही-३ ला त्यातली १०५ लागतात, म्हणजे शंभरात एक. हा विषाणू दोन उपप्रकारांचे तुकडे जोडून मिश्र रूपं घेतो, आणि व्ही-३ सीचा असला तरी बाकीचा भाग कुणाचाही असू शकतो. हे आपल्याकडेच दिसलेलं आहे. पुण्याच्या ‘नारी’च्या (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या) आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी भारतातल्या नव्याने संसर्ग झालेल्या रुग्णांच्या सी विषाणूंचे पूर्ण जनुकक्रम १९९९ साली प्रसिद्ध केले, त्यांत ए आणि सीचं मिश्रण असलेला विषाणू निघाला. मिश्रणाची सांधेजोड आलेखावर दाखवायला जगभर वापरतात तो ‘सिमप्लॉट’ प्रोग्राम त्याच कामातून लोकांसमोर आला. तुझ्या पेप्टाइडला अशी सांधेजोड दिसूच शकत नाही.

साक्षीदाराच्या स्मरणशक्तीबद्दल म्हणालो होतो, तेही सांगून टाकतो. आजार खूप पुढे गेला की काही रुग्णांची व्ही-३ ची अँटिबॉडी क्षीण होते. संसर्गानंतर लवकर औषधं सुरू होऊन वर्षानुवर्षं विषाणू दबलेला असेल तरी तसंच. आणि फ्रीझरमधल्या नमुन्यांत अठरा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ते आधी बाजूला काढ. त्याच्या रक्तातली अँटिबॉडी आईची असते, वारेतून आलेली. बाळाला संसर्ग नसतानाही चाचणी रिॲक्टिव्ह येते. म्हणून तर लहान बाळांसाठी सहाव्या आठवड्यापासून टाचेचं रक्त कागदावर घेऊन विषाणूचं जनुकच शोधतात.

हे वाचून अँटिबॉडी चाचण्यांवरचा तुझा विश्वास उडू नये. वाणातला फरक अँटिबॉडीने ओळखण्याची एक जागा अशी आहे जिथे ही चाचणी चोख काम करते, आणि तिथे चूक झाली तर माणसाचा जीव धोक्यात येतो. ती जागा म्हणजे एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ यांच्यातला फरक.

आपल्या बोलीवरून सांगतो. इंदूरचा मराठी माणूस, देवासचा आणि ग्वाल्हेरचा, तिघे पडद्यामागून एकेक शब्द बोलले तर कोण कुठला हे तू छातीठोक सांगू शकशील का? तिघांच्या बोलण्यात हिंदी मिसळलेली, तिघेही ‘मी जाऊन राहिलो’ म्हणणार. पण पडद्यामागे एक मराठी आणि एक गुजराती बसला तर? ‘पाणी’ शब्द दोघांचा जवळजवळ सारखा, ‘घर’ही सारखं, पण ‘आहे’ आणि ‘छे’ निघालं की संपलं. उपप्रकार हे इंदूर-देवास-ग्वाल्हेरसारखे आहेत. एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ हे मराठी-गुजरातीसारखे. पहिला चिंपांझीकडून माणसात आला, दुसरा पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडाकडून. आतल्या गाभ्याची प्रथिनं दोघांची बरीच मिळतीजुळती. ते झालं ‘पाणी’ आणि ‘घर’. बाहेरच्या वेष्टणातली मात्र खूप वेगळी. पहिल्याचं जीपी-४१ आणि दुसऱ्याचं जीपी-३६ हे आपलं ‘आहे’ आणि ‘छे’.

जुन्या वेस्टर्न ब्लॉटवर एचआयव्ही-२ च्या रुग्णाचं सीरम टाकलं की गाभ्याचे पट्टे उमटायचे आणि वेष्टणाचे उमटायचे नाहीत. अहवालात ‘अनिश्चित’ लिहिलं जायचं आणि रुग्ण महिनोन्महिने फेऱ्या मारायचा. आज लाइन इम्युनोॲसेची पट्टी येते. तिच्यावर दोन्ही विषाणूंची वेष्टणातली प्रथिनं वेगवेगळ्या रेघांवर बसवलेली असतात आणि रेघेच्या गडदपणाला गुण असतात. रॅपिड किटमध्येही एचआयव्ही-१ चा ठिपका वेगळा, एचआयव्ही-२ चा वेगळा. पण रॅपिड किट घाईचं असतं. दोन्ही ठिपके उमटले की बहुतेक वेळा ती एकाच विषाणूची अँटिबॉडी असते आणि ती शेजाऱ्यालाही धरते. खरा दुहेरी संसर्ग असतो, पण विरळा. ‘दोन्ही ठिपके म्हणजे मिश्र संसर्ग’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य खोडून टाक. ‘दोन्ही ठिपके म्हणजे अजून ठरलेलं नाही’ असं लिही.

आता हे का महत्त्वाचं, ते एका रुग्णावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. देवास नाक्यावरच्या वाहतूक व्यवसायातला माणूस, चाळिशीचा. मोफत औषधं देशात १ एप्रिल २००४ ला सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे पोहोचली, त्या काळातली गोष्ट. एका खासगी प्रयोगशाळेत त्याची तपासणी झाली होती. किटवर दोन्ही ठिपके होते, पण अहवालावर फक्त ‘एचआयव्ही रिॲक्टिव्ह’ लिहिलं गेलं. नेविरॅपीन असलेला तेव्हाचा नेहमीचा मेळ सुरू झाला. माणूस इमानदार, एक गोळी चुकवायचा नाही. तरी सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, उतरत गेला. घरच्यांनी पैसे जमवून बाहेरून व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची मोजणी) करून आणला, तर ‘विषाणू आढळला नाही’. सगळ्यांना वाटलं, औषध लागू पडतंय, सीडी-४ वाढायला वेळ लागत असेल. वजन घटत होतं, तोंड येत होतं, आणि कागद म्हणत होता सगळं ठीक आहे.

बायको त्याचे सगळे जुने कागद पिशवीत घेऊन माझ्याकडे आली. पहिल्या चाचणीच्या कागदाच्या मागे कुण्या टेक्निशियनने पेन्सिलने दोन ठिपके काढून ठेवले होते. अहवालात नाही, मागच्या बाजूला. त्या पेन्सिलच्या दोन ठिपक्यांनी सगळं उलगडलं. नव्याने रक्त घेऊन लाइन पट्टी केली. जीपी-३६ आणि एचआयव्ही-२ ची दुसरी रेघ गडद, एचआयव्ही-१ च्या वेष्टणाच्या रेघा कोऱ्या. त्याला एचआयव्ही-२ होता. नेविरॅपीन आणि एफाविरेन्झ ही औषधं पहिल्या विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) एका खोबणीत बसतात. दुसऱ्या विषाणूत ती खोबणी जन्मतःच वेगळी, तिथे ती लागूच पडत नाहीत. म्हणजे तीन औषधांतली दोनच काम करत होती. आणि व्हायरल लोडची चाचणी एचआयव्ही-१ चंच जनुक शोधणारी, तिला दुसरा विषाणू दिसणार कुठून? कागद खोटं बोलत नव्हता. त्याला वेगळाच प्रश्न विचारला गेला होता. औषध बदललं आणि तो सावरला. पण गेलेली दोन वर्षं कुणी परत देऊ शकलं नाही, आणि मागच्या बाजूला पेन्सिल चालवणाऱ्या त्या अनोळखी मुलाचा किंवा मुलीचा मी आजही ऋणी आहे.

गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यक्रमात टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्रॅविर यांची एकत्र गोळी आली आणि ती दोन्ही विषाणूंवर चालते. म्हणून काही डॉक्टर म्हणतात, आता फरक करून काय उपयोग? उपयोग आहे. नेहमीचा व्हायरल लोड आजही एचआयव्ही-१ चाच मोजतो. एचआयव्ही-२ च्या रुग्णाचा कागद औषध घेतलं तरी कोरा, न घेतलं तरी कोराच राहील. त्याच्यावर लक्ष ठेवायचं ते सीडी-४ वरून आणि तब्येतीवरून, आणि हे डॉक्टरला आधी माहीत असावं लागतं. एचआयव्ही-२ संथ असतो, रक्तात कमी प्रमाणात असतो, आईकडून बाळाला कमी जातो. पण संथ म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

भारतात तो १९९१ च्या सुमारास मुंबईतून प्रथम नोंदला गेला. पश्चिम किनाऱ्याच्या राज्यांत तो थोडाथोडका पण सतत सापडत आला आहे. आपलं शहर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे, गुजरात चार तासांवर. विषाणू माणसांबरोबर प्रवास करतो, मग इंदुरात तो मुळीच नसेल असं धरून चालणं मला कधीच पटलं नाही.

वाणांचा फरक कधी उलट्या बाजूने फटका देतो, तेही माहीत असू दे. १९९४ साली फ्रान्समध्ये लक्षात आलं की मध्य आफ्रिकेतल्या एचआयव्ही-१ च्या ओ गटाचा संसर्ग असलेल्या काही रुग्णांचं रक्त त्या वेळच्या काही प्रचलित किटवर चक्क निगेटिव्ह येतं. किटमधलं अँटिजेन एम गटाचं होतं, ज्यात ए, बी, सी, डी हे उपप्रकार येतात. किट बनवणाऱ्यांना मग ओ गटाची अँटिजेन घालावी लागली. आपल्याकडे तपासणी केंद्रात वेगवेगळ्या अँटिजेनवर किंवा तत्त्वांवर बेतलेली तीन किट लागोपाठ वापरतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. एका किटला जे दिसत नाही किंवा उगाच दिसतं, ते दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. सी उपप्रकार या किटना उत्तम दिसतो. त्याची काळजी करू नकोस. सुटतो तो ताजा संसर्ग. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड चाचणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात, पी-२४ अँटिजेनही (विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन) शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला १८ ते ४५.

तू विचारलं नाहीस, पण उपप्रकारावर काम करते आहेस असं कळलं की लोक तुझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतीलच, म्हणून सांगतो. माझ्याकडे एकदा एका तरुण मुलीचे सासू-सासरे आले होते. मराठी घर, लोकमान्यनगरच्या बाजूचं. मुलाचं आणि सुनेचं दोघांचं रक्त रिॲक्टिव्ह. त्यांची मागणी एकच: दोघांच्या विषाणूची जात तपासून द्या, म्हणजे कुणाकडून आलं ते कळेल. सून बाहेर बाकावर बसली होती. मी त्यांना सांगितलं की दोघांचा उपप्रकार सी निघेल. तुमच्या गल्लीतल्या, या शहरातल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा सी निघेल. त्यावरून ‘दोघं भारतात राहतात’ यापलीकडे काही कळत नाही. पूर्ण जनुकक्रम वाचला तरी दोन विषाणू जवळचे नातलग आहेत एवढंच दिसतं. कोण आधी, कोण नंतर, हे त्यावरून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मग मी सुनेला आत बोलावलं आणि तिच्याशी एकटीशी बोललो, कारण अहवाल तिचा होता. आज एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय अहवाल तिसऱ्याला नाही. तेव्हा कायदा नव्हता, पण तेव्हाही ते चूकच होतं. तुझ्या प्रबंधातल्या आकड्यांवरून कुणी असा निवाडा मागायला आला, तर त्याला उपप्रकाराचा तक्ता दाखवू नकोस.

आता प्रत्यक्ष काय करायचं. उपप्रकाराचं शीर्षक सोड. दोनशे नमुन्यांतले ज्यांत दोन्ही ठिपके किंवा फक्त एचआयव्ही-२ चा ठिपका आहे, ते वेगळे काढ. दहा-पंधरा मिळाले तरी पुष्कळ. तुलनेसाठी फक्त एचआयव्ही-१ चा ठिपका असलेले तेवढेच घे, आणि कोणता कोणत्या गटातला हे रेघा वाचणाऱ्याला कळू देऊ नकोस. मग सगळ्यांवर लाइन इम्युनोॲसे कर आणि रेघांचे गुण दोन जणांकडून स्वतंत्रपणे वाचून घे. तुझा प्रश्न असा ठेव: रॅपिड किटवर दोन्ही ठिपके येणाऱ्यांत खरे एचआयव्ही-२ किती, नुसतं शेजाऱ्याला धरलेलं किती, आणि ठिपक्याचा गडदपणा पाहून ते आधीच सांगता येतं का? शेवटच्या तुकड्याचा उपयोग प्रत्येक तपासणी केंद्रातल्या टेक्निशियनला होईल. नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) एचआयव्ही-२ ची शहानिशा करण्यासाठी ठरावीक प्रयोगशाळा नेमल्या आहेत. तुझ्या मार्गदर्शकांना विभागातर्फे तिथे पत्र लिहायला सांग. पैशाचा प्रश्न बराचसा तिथेच सुटू शकतो. नीतिमत्ता समितीची परवानगी त्याआधी हवी. नळ्यांवर नावं असतील तर तू हात लावण्याआधी दुसऱ्या कुणाकडून ती काढून क्रमांक घालून घे.

व्ही-३ पेप्टाइड मनातून जातच नसेल तर एक प्लेट शिकण्यासाठी कर. ज्यांचा जनुकक्रम आधीच वाचलेला आहे असे नमुने कुठून मिळाले तरच, आणि प्रबंधात ते पद्धतीच्या प्रकरणात टाक, निष्कर्षात नको. उपप्रकारांबद्दल खरोखर काही म्हणायचं असेल तर भारतातले हजारो जनुकक्रम अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या खुल्या संग्रहात पडले आहेत. ते उतरवून घेऊन त्यांची वंशावळ काढायला एक संगणक आणि तुझा वेळ, एवढंच लागतं.

फ्रीझरबद्दलही जरा. मे महिन्यात वीज जाते तेव्हा तो किती तास बंद होता याची नोंद कुणी ठेवली आहे का, ते विचार. पुन्हा पुन्हा वितळलेल्या सीरममध्ये फिक्या रेघा आणखी फिक्या होतात आणि तुझा सगळा प्रश्नच फिक्या रेघांचा आहे. आधी प्रत्येक नमुन्याचे छोटे भाग करून ठेव आणि एक भाग एकदाच वितळव.

काही नमुने लाइन पट्टीवरही दोन्ही बाजूंना गडद येतील. त्यांचा निकाल सीरमवर लागणार नाही. एचआयव्ही-२ रक्तरसात इतका कमी असतो की त्याचं आरएनए बऱ्याचदा सापडतच नाही. त्याचं जनुक पेशींत दडलेलं असतं आणि ते शोधायला पेशींसकट रक्त लागतं. साठवलेल्या नमुन्यांत आता पेशी उरलेल्या नाहीत, पण पुढच्या सहा महिन्यांत नवे रुग्ण येतीलच. समितीच्या अर्जात आत्ताच लिही, की किटवर दोन्ही ठिपके आले तर रुग्णाच्या संमतीने जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत तीन मिलिलिटर रक्त जास्तीचं घेतलं जाईल. अर्ज पाठवण्याआधी मला दाखवलास तर वाचून देईन.